गावी निघण्यापूर्वी : छोट्या गाडीचे टायर आणि ब्रेक



सुट्टी लागली की सुरतेतील पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातील आपल्या गावी निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. छोट्या गाडीत माणसे दाटीवाटीने बसलेली, डिकी भरलेली, टपावर बॅगा. काचेसमोर लिंबू-मिरचीही असते. पण टायरकडे वाकून पाहिलेले नसते. म्हणून या अंकात आम्ही घर्षण आणि दाब हे दोन धडे गाडीच्या चाकापाशी बसून शिकवणार आहोत.

१. टायर

चालत्या गाडीचा रस्त्याशी संबंध चारच ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढाच भाग टेकलेला असतो. वळणे, थांबणे, सारे काही तेवढ्या घर्षणावर चालते. टायरवरच्या खाचा पावसाचे पाणी बाजूला सारतात. खाचा झिजल्या की पाणी खाली अडकते आणि गाडी पाण्याच्या थरावरून घसरू लागते. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर त्यांच्याबरोबर आला म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. टायर बदलायलाच हवा.

झीज कोठे झाली यावरून कारणही कळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेले. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत दबते-उठते आणि तापते. मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीचा टायर फुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. हवा किती भरावी हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. स्टेपनी विसरू नये.

२. ब्रेक

पायाने दिलेला जोर चाकापर्यंत पोहोचवतो तो द्रव. येथे पास्कलचा नियम लागू होतो : बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, पेडलकडील दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौ. सेंमी. आणि चाकाकडील दट्ट्याचे १५ चौ. सेंमी. आहे, तर चाकाकडे पाचपट बल मिळते.

हा द्रव (ब्रेक ऑइल) हवेतील ओलावा शोषतो. डॉट-३ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात याचे महत्त्व कळते. १००० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ९८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी उकळीला येईल. सगळा भार ब्रेकवर टाकला तर द्रव उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामे खाली जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकावा, इंजिन कधीही बंद करू नये आणि ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, बदलावे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर सुरतेत शिरला, तेव्हा असंख्य वाहने पाण्यात बुडाली. पाण्यात बुडालेली गाडी ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. नुसत्या तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावरही हळू चालवून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबावा, ओलावा सुकतो.

३. गणित करून पाहा

कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ आणि ओल्या रस्त्यावर ०.४ धरू. ब्रेक लागल्यानंतर गाडी जाते ते अंतर :

ताशी ४० किमी, कोरडा रस्ता – ९ मीटर
ताशी ८० किमी, कोरडा रस्ता – ३६ मीटर
ताशी ८० किमी, ओला रस्ता – ६३ मीटर

वेग दुप्पट, अंतर चौपट! शिवाय पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी ८० च्या वेगाने गाडी आणखी २२ मीटर पुढे जाते. टायर झिजलेले असतील तर ओल्या रस्त्यावर याहूनही जास्त.

४. पालकांसाठी

छोटी गाडी ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात काही तक्रारी वारंवार येतात. त्यांचा अर्थ असा :

• ब्रेक दाबताच कर्कश आवाज – पॅड झिजले असावेत.
• पेडल मऊ लागणे – द्रवात हवा किंवा गळती. गाडी चालवू नये.
• ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणे – दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत किंवा हवा कमी-जास्त आहे.

गॅरेजचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलताना गाडीत कोण बसणार आहे, हे एकदा आठवावे.

स्वाध्याय : घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे चारही टायर मोठ्या माणसासोबत, गाडी उभी असताना पाहा. झीज कोठे आहे ते वहीत आकृती काढून नोंदवा, कारण लिहा आणि ती वही सुट्टीपूर्वी वडीलधाऱ्यांना दाखवा.