कोंबडी रात्री कुठे झोपते? – परिसर अभ्यासासाठी एक निरीक्षण पाठ



तिसरीच्या वर्गात ‘जोड्या लावा’ घेतलं होतं. गाय–गोठा, घोडा–तबेला, चिमणी–घरटे, कोंबडी–खुराडे. एका मुलाने ‘कोंबडी’पुढे लिहिलं, ‘लिंबाचं झाड’. मी लाल पेनाने फुली मारली. तो हळूच म्हणाला, “मॅडम, आमच्या कोंबड्या लिंबावरच झोपतात.”

आमची शाळा छत्रपती संभाजीनगर तालुक्यातली. त्याचं घर शाळेपासून जवळच. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी तिथे गेले. अंगणात खुराडं होतं, पण रिकामं. कोंबड्या एकेक करून आधी भिंतीवर, तिथून लिंबाच्या फांदीवर चढल्या. चूक माझी होती.

उंचावर का?
आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर चरतो, पण रात्री झाडावर बसतो. कारण कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. मुंगूस किंवा रानमांजर आलं तर जमिनीवर तिचा निभाव लागत नाही. म्हणून उजेड कमी होऊ लागला की ती आपोआप वर जायला बघते.

झोपेत पडत का नाही?
कोंबडी बसली की तिचे पाय दुमडतात. पायामागची शीर ताणली जाते आणि बोटं फांदीभोवती आवळली जातात. आणखी एक गंमत: कोंबडी कधी कधी एक डोळा उघडा ठेवून झोपते. तेव्हा मेंदूचा एक भाग विश्रांती घेतो आणि दुसरा जागा असतो.

जागेसाठी भांडण
संध्याकाळी फांदीवर टोचाटोची दिसते. कोण कोणाला टोचणार, याचा कोंबड्यांत क्रम ठरलेला असतो. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी 1921 च्या सुमारास तो मांडला. वरचढ कोंबडी सहसा चांगली जागा पटकावते.

पहाट कशी कळते?
‘कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही’ ही म्हण आपण शिकवतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण पहाटेच्या वेळी आरवत राहतात. म्हणजे त्यांच्या शरीरात घड्याळ असतं. म्हणीत एवढी भर घाला: कोंबडं झाकलं तरी ते आरवायचंही राहत नाही!

मुलांसाठी उपक्रम
ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या आहेत, त्यांनी 5 दिवस नोंद करावी:
1. पहिली आणि शेवटची कोंबडी किती वाजता बसली?
2. ती कुठे बसली? रोज तीच जागा का?
3. कोणी कोणाला हुसकावलं?
4. ढगाळ दिवशी वेळ बदलली का?

हीच नोंद नोव्हेंबरात आणि जूनमध्ये घ्या. आपल्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. कोंबड्या घड्याळ बघतात की उजेड, हे मुलंच सांगतील. निरीक्षणानंतर साबणाने हात धुवायला लावा.

पालकांसाठी
झाडावरही धोका असतोच. बोका चढतो, पावसात पिसं भिजतात. कोंबड्या खुराड्यात जात नसतील तर आत बसायला दांडा आहे का, ते बघा. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, कडा घासून गोल केलेली, दोन इंच रुंद लाकडी पट्टी आडवी बसवा. हवा खेळती ठेवा आणि अंधार पडताच दार लावा. त्या मुलाच्या वडिलांनी असा दांडा बसवला. पहिले काही दिवस कोंबड्या उचलून आत ठेवाव्या लागल्या, मग त्या स्वतःच जाऊ लागल्या.

आणि हो, त्याच्या वहीतली ती फुली मी खोडली. शेजारी बरोबरची खूण करून तारीख घातली. आता ‘जोड्या लावा’ घेताना मी आधी विचारते, “तुमच्या घरी कसं आहे?”

तुमच्या वर्गातल्या नोंदी जरूर कळवा.