पाच मीटरच्या पलीकडे : येलेना इसिनबायेवा

पुरुषांची बांबूउडी, म्हणजेच पोल व्हॉल्ट, १८९६ च्या पहिल्याच आधुनिक ऑलिम्पिकमध्ये होती. स्त्रियांना त्यासाठी २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपर्यंत थांबावे लागले. मधल्या १०४ वर्षांत ही उडी किती मुलींच्या अंगी होती, हे इतिहास सांगू शकत नाही. ज्यांना मैदानच नाकारले त्यांची नोंद कोण ठेवणार? येलेना इसिनबायेवाचे कर्तृत्व या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

रशियातील व्होल्गोग्राड येथे १९८२ साली एका नळकारागिराच्या घरी तिचा जन्म झाला. पाचव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक्स शिकली. पंधराव्या वर्षी उंची फार वाढली म्हणून तो खेळ सुटला. मग प्रशिक्षक येवगेनी त्रोफिमोव्ह यांनी तिला बांबूउडीकडे वळवले. धावण्याचा वेग लवचीक पोल वाकवण्यात साठतो, पोल सरळ होताना तो खेळाडूला वर फेकतो आणि पाय वर, डोके खाली अशा स्थितीत शरीर सावरावे लागते. जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण येथे कामी आले. तिथे अडचण ठरलेली उंची पोल वरून धरण्यास उपयोगी पडली.

सिडनीच्या पात्रता फेरीत तिला एकही उंची ओलांडता आली नाही. चार वर्षांनी अथेन्समध्ये ४.९१ मीटरच्या विश्वविक्रमासह तिने सुवर्णपदक जिंकले. २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये पाच मीटर ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. बीजिंगमध्ये २००८ साली ५.०५ मीटरसह पुन्हा सुवर्ण.

मला मात्र २००९ चा ऑगस्ट महत्त्वाचा वाटतो. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ४.७५ वर तिची पहिली उडी चुकली. उरलेले दोन प्रयत्न तिने ४.८० साठी राखले आणि तेही वाया गेले. सलग तीन चुकांनंतर खेळाडू बाद होतो. जगज्जेतीच्या नावापुढे एकही उंची लागली नाही. अवघ्या अकरा दिवसांनी, २८ ऑगस्टला, झुरिक येथे तिने ५.०६ मीटर ओलांडले.

पुढे लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणि २०१३ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळाले. त्याच मॉस्कोत समलिंगी व्यक्तींविरुद्धच्या रशियन कायद्याची तिने पाठराखण केली. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा तिने नंतर केला; पण माणसांना कमी लेखणाऱ्या कायद्याची बाजू घेणे मला खटकते, आणि विद्यार्थ्यांपासून ते लपवणेही योग्य वाटत नाही.

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या ॲथलेटिक्स संघावर बंदी आली. तिची स्वतःची चाचणी कधी सदोष ठरली नव्हती, तरी तीही बाहेर राहिली आणि तेथेच तिने निवृत्ती जाहीर केली. झुरिकची ती ५.०६ मीटरची उंची अद्याप कोणत्याही स्त्रीने ओलांडलेली नाही.