लवकर उडतं ते जातं कुठे

चिपळूणला गाळा घेतलास, दिवाळीनंतर दुकान सुरू करणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. सोल्डरिंगमध्ये तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे, मोबाइलपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं तुला उघडता येतं, त्यामुळे त्यातलं काही शिकवायला मी लिहीत नाही. मला सांगायचंय ते बोर्ड धुण्याबद्दल. भोसरीत पस्तीस वर्षं मी कारखान्यांचे बोर्ड दुरुस्त केले आणि या कामात सगळ्यात जास्त चुका मी धुण्यातच केल्या. आयटीआयमध्ये या विषयाला कोणी अर्धा तासही देत नाही.

मी काम शिकलो ते पुण्यात, तपकीर गल्लीतल्या एका लहानशा दुकानात. माझे गुरू टीव्हीच्या ट्यूनरचे कॉन्टॅक्ट सीटीसीने धुवायचे. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. तेव्हा ते सगळ्यांच्याच टेबलावर असायचं. वास गोडसर, ग्रीस क्षणात सुटायचं आणि मुख्य म्हणजे ते पेटायचं नाही. पेटत नाही म्हणून आम्ही ते निर्धास्त वापरलं. दुपारी डोकं जड व्हायचं, मळमळायचं, आम्ही उन्हाला दोष द्यायचो. सीटीसी यकृत आणि मूत्रपिंड खातं हे मला फार उशिरा कळलं. गुरूंचं यकृत साठीच्या आतच गेलं. डॉक्टरांनी कारण म्हणून सीटीसीचं नाव कधी लिहिलं नाही, पण आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाचं यकृत असं का जावं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ओझोनच्या थरासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळे २०१० पासून आपल्याकडे सफाईसाठी सीटीसी बंद झालं. एखाद्या जुन्या माणसाच्या कपाटात अजून बाटली निघाली आणि त्याने ती तुला प्रेमाने देऊ केली, तरी घेऊ नकोस.

तेव्हापासून कुठलंही सॉल्व्हंट हातात घेताना मी स्वतःला विचारतो, हे लवकर उडतंय खरं, पण उडून जातं कुठे? दार लावलेल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात ते तुझ्या छातीतच जातं. 'चांगलं क्लीनर कुठलं' असं गिऱ्हाइक विचारतं तेव्हा त्याला लवकर वाळणारं आणि स्वस्त पडणारं हवं असतं. या दोन गोष्टींपायी लोकांचं काय झालं ते ऐक. चीनमध्ये सुझोउ शहरात फोनच्या टचस्क्रीन बनवणाऱ्या एका कारखान्यात २००९ च्या सुमारास अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेनने काच पुसायला लावली, कारण ते अल्कोहोलपेक्षा लवकर वाळतं. हवा खेळती नव्हती. १३७ कामगारांना बाधा झाली. आधी बोटांना मुंग्या, मग हातापायांतली ताकद जायला लागली. हेक्झेन नसांवर असंच काम करतं, हळूहळू, काही महिन्यांत. दक्षिण कोरियात २०१५-१६ मध्ये स्मार्टफोनचे भाग कापणाऱ्या छोट्या कारखान्यांत इथेनॉलऐवजी मिथेनॉल वापरलं, कारण ते स्वस्त. निदान सहा तरुण कामगारांची दृष्टी गेली. त्यांनी ते प्यायलं नव्हतं. वाफ श्वासातून गेली होती, कातडीतून गेली होती. आपल्याकडे मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूतही हेच मिथेनॉल होतं.

म्हणून बाटलीवरच्या नावावर जाऊ नकोस. बाजारात 'स्पिरिट', 'थिनर', 'क्लीनर', 'व्हाइट पेट्रोल' ही नावं आहेत, आणि आत काय असेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मिथेनॉल आणि इथेनॉल तर वासाने ओळखताही येत नाहीत. प्रत्येक रसायनाला एक सीएएस क्रमांक असतो, तो जगभर एकच. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याचा ६७-६३-०. मिथेनॉलचा ६७-५६-१. दोन्ही सदुसष्टनेच सुरू होतात, तेव्हा पुढचे आकडे नीट वाच. एन-हेक्झेनचा ११०-५४-३. हे तीन भिंतीवर लिहून ठेव. क्रमांक नसलेली, सुरक्षेचा कागद न मिळणारी बाटली मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानातून आली असली तरी परत कर.

आता बोर्डाकडे ये. धुण्याआधी मळ कशाचा आहे ते बघ. राळेचा फ्लक्स असेल तर आयपीएमध्ये सुटतो. तेल-ग्रीस असेल तर आयपीए कमी पडतं, दोन-तीनदा हात फिरवावा लागतो. आणि मीठ असेल तर आयपीए काहीच करत नाही. हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण कोकणात तुझ्याकडे येणारे निम्मे बोर्ड खाऱ्या हवेने किंवा पाण्याने मेलेले असतील. मीठ पाण्यात विरघळतं, शुद्ध अल्कोहोलमध्ये नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर मी चार दिवस तिथे येऊन बसलो होतो, तुला आठवत असेल. लोकांनी चिखलाने भरलेले इन्व्हर्टर आणि वजनकाटे आणले होते. काहींनी घरीच त्यावर स्पिरिट ओतून वाळवले होते. वरून स्वच्छ दिसत होते, पण मातीतले क्षार ट्रॅकवर तसेच. पुढच्या दमट दिवसात त्याच जागी हिरवा बुरा आला.

अशा बोर्डाची बॅटरी आधी काढ, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत का ते मीटरने बघ. मग साध्या पाण्याने चिखल काढ. पाणी बघून घाबरू नकोस, करंट नसलेल्या बोर्डाला पाणी मारत नाही, पाण्यामागे उरलेले क्षार मारतात. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, भरपूर. गॅरेजवाल्याकडे बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालतं, पण शेजारच्याच कॅनमध्ये तो बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवतो, तेव्हा स्वतः वाचून घे. पाण्यानंतर आयपीए, म्हणजे चिपच्या पोटाखाली अडकलेलं पाणी ते सोबत घेऊन जातं. आयपीए पूर्ण उडून गेलं की मग पन्नास-साठ अंशांवर एक दिवस वाळव. ट्रान्सफॉर्मर आणि रिले यांना जास्त वेळ दे. स्पीकर, माइक, उघडे रिले, डिस्प्ले हे धुवायचेच नाहीत, सुटे करून बाजूला ठेवायचे. जस्ताची खार किंवा नवसागर असलेली पत्र्याच्या कामाची पेस्ट वापरून कोणी डाग मारला असेल तर तिथेही आधी पाणी, नंतर आयपीए. ती पेस्ट बोर्डावर वापरणाऱ्याशी पुन्हा व्यवहार करू नये असं माझं मत आहे.

आयपीए घेताना ९९ टक्क्यांचं घे. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं, ते जखमेसाठी ठीक, बोर्डासाठी नाही. करोनाच्या दिवसांत लोकांनी सॅनिटायझरने फोन पुसले. त्यात पाणी असतं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते बोर्डावर चिकट थर ठेवून जातं. आयपीए हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पाच लिटरचा कॅन रोज उघडू नकोस. पावशेराच्या बाटलीत काढून घे आणि कॅनचं झाकण गच्च लाव. नवीन बाटली आली की धुतलेल्या काचेवर एक थेंब टाकून वाळू दे, काच उजेडात तिरपी धर. कडेला गोल डाग उरला तर ते बोर्डावरही उरणार.

फ्लक्स धुतल्यावर बोर्ड पांढरट दिसला तर तुझं आयपीए वाईट नाही, तू कमी वापरलंस. भांडी घासायची आणि विसळायचीच नाहीत, तसं होतं ते. राळ अर्धी सुटते, पसरते आणि वाळते. दोन वाट्या ठेव, एकीत घासायचं, दुसरीतल्या ताज्याने बोर्ड तिरपा धरून विसळायचं आणि खालच्या कडेला कापडाने टिपून घ्यायचं. मळका ब्रश मोठ्या बाटलीत कधीच बुडवायचा नाही.

फ्लक्सला एनसी थिनर आणि अ‍ॅसिटोन लावणारे तुला गल्लोगल्ली भेटतील. फ्लक्स सुटतो, त्याबरोबर कनेक्टरचं प्लॅस्टिक, छापलेले आकडे आणि डिस्प्लेचं तोंडही सुटतं. पॉलीकार्बोनेटची गंमत अशी की लगेच काही दिसत नाही, चार दिवसांनी स्क्रूभोवती बारीक तडे येतात आणि गिऱ्हाइक तुझ्या दारात. कुठलंही नवीन द्रव्य आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने लाव, पाच मिनिटं थांब. क्लोरीन असलेली सॉल्व्हंट तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या रबरी बुचातून आत शिरतात आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम कुरतडतात. मी एका ड्राइव्हचे सहा कपॅसिटर असे घालवले. धुतल्यावर बोर्ड उत्तम चालला, पाच महिन्यांनी एकेक गेला, आणि दोष मी कपॅसिटरच्या दर्जाला देत बसलो. त्याच घराण्यातलं ट्रायक्लोरोइथिलीन माणसाला कर्करोग करतं असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ठरवलं. बोर्डालाही नको आणि तुलाही नको. डब्ल्यूडी-४० गंजलेल्या नटबोल्टला चांगलं, पण ते तेलाचा थर ठेवतं. त्यावर धूळ बसते.

पेट्रोल आजही अनेक दुकानांत प्लॅस्टिकच्या डब्यात असतं. त्यात बेंझिन असतं, त्याने रक्ताचा कर्करोग होतो. आणि नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढायची सवय असेल तर आजच सोड. ठसका लागून थोडं जरी फुप्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होतो. चुकून कोणी गिळलंच तर उलटी करवायची नाही, सरळ दवाखाना. डोळ्यात काही उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.

आता आगीचं. आयपीएची वाफ बारा अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, आणि तुझं दुकान उघडं असताना पारा त्याच्या वरच असणार. अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल तर बर्फातही पेटतात. या सगळ्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी फरशीवर पसरते आणि टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोहोचते. मी माझ्या पहिल्या दुकानात एक्झॉस्ट पंखा छताजवळ लावला होता, सगळे लावतात तसा. वास वर कमी व्हायचा आणि खाली साचायचा. भिंतीतल्या देवळीत सकाळी निरांजन आणि उदबत्ती लावायची पद्धत तुझ्या घरी आहे, ती मोडू नकोस, पण पूजा आधी, बाटल्या नंतर उघडायच्या. धुतलेल्या ओल्या बोर्डाला हेअर ड्रायर किंवा हॉट एअर गन लावायची नाही. सोल्डरिंग आयर्न साडेतीनशे अंशांवर असते आणि हेक्झेन सव्वादोनशेच्या आसपास ठिणगीशिवाय पेटू शकतं, तेव्हा धुण्याचं टेबल वेगळं ठेव. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलंस तर ते तरंगून आग पसरवतं, म्हणून कोरड्या पावडरीचं सिलिंडर दाराजवळ हवं, आतल्या कोपऱ्यात नको.

हातमोजे नायट्राइलचे घे, आयपीएला ते पुरतात, अ‍ॅसिटोनला नाही. करोनातला मास्क वाफ अडवत नाही, एन-९५ पण नाही. वाफेला कार्बनचा डबा असलेला मास्क लागतो, आणि तोही पंख्याला पर्याय नाही. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं समजू नकोस, नाक दहा मिनिटांत सरावतं.

पाण्याच्या बाटलीत सॉल्व्हंट कधी भरायचं नाही. तुझ्याकडे हाताखाली पोरगा येईल, उन्हातून येऊन तो समोरची बाटली तोंडाला लावेल. बाटलीवर मराठीत नाव, तारीख आणि 'विष' लिही. उरलेलं मोरीत ओतू नकोस, ते वाशिष्ठीत जातं. कॅनमध्ये साठव. एमआयडीसीतला कचरा तळोजा किंवा रांजणगावला पाठवणारे ठेकेदार खेर्डी-लोट्याकडे येत असतात, तुझा कॅन त्यांच्यात घालायला एखाद्या कारखानदाराला विनंती कर.

पुढच्या आठवड्यात गाळ्याला रंग लागणार म्हणतोस. त्याआधी गवंडी आहे तोवर मागच्या भिंतीला खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर, नऊ इंची पंख्याएवढं भोक पाडून घे आणि समोरच्या दारालाही खाली जाळी ठेव, म्हणजे हवा आत यायला वाट राहील. पंखा स्पार्क न होणारा घे, त्याचे पैसे मी पाठवतो. नावाची पाटी नंतर लागली तरी चालेल.