महामहमची गर्दी आणि भ्रमणध्वनी जाळ्याचे प्रवेश-नियंत्रण

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे दर 12 वर्षांनी महामहम उत्सव भरतो आणि लाखो भाविक एकाच तलावात स्नान करतात. 18 फेब्रुवारी 1992 रोजी तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तेव्हा भारतात मोबाइल सेवा नव्हती. ती 1995 मध्ये सुरू झाली. 2016 च्या महामहमपर्यंत मात्र हरवलेल्या नातेवाइकाचा शोध असो वा रुग्णवाहिकेला निरोप, भिस्त मोबाइलवरच होती. अशा वेळी नव्या कॉलला प्रवेश द्यावा की नाकारावा, हा निर्णय करणाऱ्या व्यवस्थेस ‘कॉल प्रवेश-नियंत्रण’ म्हणतात.

जीएसएम पद्धतीत 200 किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीचे 8 कालखंड पडतात. दोन वाहक लहरी असलेल्या सेलमध्ये, संकेतांसाठीचे कालखंड वगळता, साधारण 14 संभाषणे एकाच वेळी होऊ शकतात. 100 पैकी 2 कॉल नाकारले जाणे मान्य केले, तर डॅनिश गणिती एरलांग यांच्या 1917 च्या सूत्रानुसार हा सेल सुमारे 8.2 एरलांग भार पेलतो. गर्दीच्या तासात प्रत्येक ग्राहक सरासरी दीड मिनिट बोलतो असे धरल्यास ही क्षमता जेमतेम 328 ग्राहकांची ठरते. तलावाच्या एका काठावरच याहून अधिक माणसे उभी असतात!

बोलता बोलता ग्राहक शेजारच्या सेलमध्ये गेला आणि तेथे जागा नसली, तर चालू संभाषण तुटते. नवा कॉल न लागण्यापेक्षा हे अधिक त्रासदायक असते. म्हणून 14 पैकी 2 वाहिन्या स्थलांतरित कॉलसाठी राखून ठेवता येतात. अर्थात, त्यामुळे नवे कॉल अधिक प्रमाणात नाकारले जातात. ‘ट्राय’च्या 2009 च्या विनियमांत कॉल तुटण्याची मर्यादा 2 टक्के होती. तुटलेल्या कॉलमागे 1 रुपया भरपाई देण्याचा 2015 चा नियम सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2016 रोजी रद्द ठरविला.

सीडीएमए तंत्रात वाहिन्यांची संख्या ठरलेली नसते. सर्वजण एकच लहरपट्टा वापरतात व प्रत्येकाचे बोलणे इतरांसाठी व्यत्यय ठरते. परीक्षार्थींनी येथील गणित नीट समजून घ्यावे. सेलवरील भार कमाल क्षमतेच्या 50 टक्के झाला की एकूण गोंगाट दुप्पट होतो, 75 टक्क्यांस चौपट, तर 90 टक्क्यांस दहापट. गोंगाट वाढला की सेलच्या कडेवरील फोनची शक्ती अपुरी पडते आणि सेलचे क्षेत्र जणू आकसते. त्यामुळे रिकामी वाहिनी मोजण्याऐवजी, नवा कॉल घेतल्यास गोंगाट ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाईल काय, हे येथे पाहावे लागते.

मग यात्रेत फिरते मनोरे आणून उभे केले की प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नवा मनोरा हा शेजारच्या सेलसाठी नवा व्यत्ययही असतो. म्हणून त्याची शक्ती कमी ठेवून अँटेना खाली झुकवावा लागतो. 4जीमध्ये शेजारी मनोरे परस्परांशी संपर्क ठेवून कडेवरील ग्राहकांना वेगवेगळ्या उपलहरी देऊ शकतात.

शेवटचा उपाय सिमकार्डातच असतो. सामान्य ग्राहक 0 ते 9 या दहा प्रवेशवर्गांत विभागलेले असतात. भार अनावर झाल्यास यांपैकी काही वर्ग पाळीपाळीने थोडा वेळ रोखता येतात. सुरक्षा दले व आपत्कालीन सेवांसाठीच्या 11 ते 15 या विशेष वर्गांतील सिमना मात्र प्रवेश खुला ठेवता येतो.