शाळेची वाट

मुलगी चौथी पास झाली. गावात पुढचा वर्ग नाही. पुढची शाळा दोन कोसांवर, म्हणजे सहा किलोमीटरवर. मग घरात बोलणे निघते, "पुरे झाले शिकणे. एवढ्या लांब पोरीला कोण धाडणार?" मुलगी हुशार आहे. फीचीही अडचण नाही. मग शिक्षण कुठे अडले? वाटेवर अडले.

ही वाट पूर्वी फार बिकट होती. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई फुले तिथे शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकीत. शिकवणाऱ्या बाईची ही गत, मग शिकणाऱ्या मुलींच्या आयांना किती धाकधूक वाटली असेल!

आमच्या लहानपणी वाट पायीच. भाकरी फडक्यात बांधलेली, डोक्यावर गोणपाटाची खोळ. मोठा भाऊ धाकट्याला खांद्यावर घेऊन ओढा उतरे. ओढ्याला पूर आला की शाळा बुडाली. त्या वाटेवर मुली थोड्याच दिसत. लोक म्हणतात, चालण्याने पोरे काटक झाली. झाली असतील. पण जी चालू शकली नाहीत, ती घरीच राहिली. त्यांची मोजदाद कोणी केली?

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. पुढे एसटी खेडोपाडी पोचली आणि मुलांची पायपीट बरीच कमी झाली. आता खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत शाळेला जाण्यासाठी एसटीचा पास फुकट मिळतो. या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. मुलांना पासाचे एकतृतीयांशच पैसे पडतात. शिवाय २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे सांगितले आहे. वस्तीजवळ शाळा नसेल, तर मुलांच्या जाण्यायेण्याची किंवा राहण्याची सोय करावी, असेही त्यांत आहे.

काही ठिकाणी जीपवाले मुले कोंबून नेतात. दाराला लोंबकळणारे पोर पाहिले की आमच्या पोटात गोळा येतो. भाडे थोडे कमी पडते म्हणून अशा गाडीत मूल बसवू नये.

पासासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. गाडी वेळेवर येत नाही, किंवा येतच नाही? मग आगारप्रमुखांना अर्ज द्या. अर्जात गावाचे नाव, शाळेची वेळ आणि जाणाऱ्या मुलामुलींची संख्या लिहा. सरपंचांची सही घ्या. खाली आईबापांनीही सह्या कराव्यात. आता तुम्हांला अंगठा उठवायचे कारण नाही, बरे का! अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर आगाराचा शिक्का व तारीख मागून घ्या.