पंखा बदला, फ्रिज नंतर

प्रश्न : आम्ही कबनूरला राहतो. घरात दोघे यंत्रमागावर, एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. एलईडी दिवे लावले, तरी महिन्याला १४० युनिट पडतात. फ्रिज बदलू का?

उत्तर : फ्रिज राहू द्या. तुमच्या घरी रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो, म्हणजे पंख्यांना विश्रांतीच नाही. साधा पंखा ७५ वॅटचा. २० तास फिरला तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. असे दोन पंखे असतील तर ९० युनिट तिथेच गेले! वीज वाचवणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. त्याला महिन्याला १८ युनिट पुरतात. दोन्ही बदलले की ५४ युनिट वाचतील आणि तुम्ही शंभराच्या आत याल. महावितरणच्या घरगुती दरात शंभरापुढच्या प्रत्येक युनिटचा दर बराच चढा असतो, म्हणून या वाचलेल्यांतली बहुतेक युनिटं तुमच्या बिलातली सगळ्यात महागडी. पैसे एकदम जमत नसतील तर झोपायच्या खोलीतला पंखा आधी बदला.

यंत्रमागाच्या गावात पात्यांवर कापसाची धूळ लवकर बसते. हवा कमी लागते, मग रेग्युलेटर पाचवर जातो. पाती आठवड्याला पुसा. फ्रिजमागची जाळीही, प्लग काढून.