नवा लॅपटॉप, नवी कार्यप्रणाली आणि जुन्या नोंदी

विंडोज १० या कार्यप्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. आणि विक्रेता काहीही म्हणो, केवळ एवढ्या कारणाने तो भंगारात काढण्याजोगाही होत नाही. मात्र ज्या यंत्रावरून अनुदानाचे अर्ज भरले जातात, बँकेचे व्यवहार होतात आणि कीड सर्वेक्षणाच्या नोंदी पाठविल्या जातात, ते यंत्र अद्यतनांविना इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहीत.

फवारणीपूर्वी आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो. येथेही तोच विचार करावा. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून आणि रॅम ८ जीबी करून काम भागत असेल, तर नवी खरेदी पुढे ढकलता येते. अशा यंत्रासाठी लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. आपल्या देशात या दिशेने झालेले महत्त्वाचे काम चेन्नईचे आहे. तरमणी येथील सी-डॅकच्या केंद्राने डेबियन लिनक्सवर आधारित ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’, अर्थात ‘बॉस’, ही प्रणाली विकसित केली. २००७ मध्ये ती प्रसृत झाली आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०११ पासून विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप दिले, त्यांतही विंडोजच्या जोडीला बॉस घातलेली होती. एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवण्याची ही रीत आपल्यालाही उपयोगी आहे, कारण नवे शिकत असताना जुने काम अडत नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर जाहिरातीतील प्रोसेसरच्या नावाला मी फारसे महत्त्व देणार नाही. आपल्या कामाला मधल्या प्रतीचा प्रोसेसर पुरतो. एसएसडी मात्र हवीच. तिच्यात फिरणारी तबकडी नसल्याने जीपमधील धक्क्यांनी ती सहसा बिघडत नाही. रॅम १६ जीबी असल्यास उत्तम. मदरबोर्डवर कायमची बसविलेली रॅम नंतर वाढविता येत नाही, हे आधीच विचारून घ्यावे. पडदा हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. २५० निट्स प्रकाशमानाचा पडदा कार्यालयात चांगला दिसतो, पण बांधावर त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. तीनशेहून अधिक निट्स आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग पाहावा. स्वस्त पडद्यांत रंग फिके उमटतात. तुडतुड्यांचा हिरवटपणा किंवा करप्याचा तपकिरी डाग छायाचित्रावरून ओळखणाऱ्याला हा दोष भोवतो. चेन्नईसारख्या दमट किनारी हवेत, तसेच विदर्भातील उन्हाळ्यात, बॅटरी पूर्ण भरून तापलेल्या गाडीत ठेवू नये. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर जीर्ण होते. ‘डॉस’ असे लिहिलेले लॅपटॉप स्वस्त असतात, कारण त्यांच्यासोबत विंडोजचा परवाना नसतो. लिनक्स वापरणाऱ्याने त्यांचा अवश्य विचार करावा.

लिनक्स घालण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मूळ डिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेतच कार्यालयाचा प्रिंटर, प्रोजेक्टर, सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जोडून पाहावे. शेवटची दोन उपकरणे सर्वांत जास्त अडवतात. सांख्यिकीसाठी ‘आर’, नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ आणि कार्यालयीन कामासाठी ‘लिबरऑफिस’ दोन्ही प्रणालींवर चालतात. लिनक्समध्ये फाइलच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात, ही सवय आठवड्याभरात अंगवळणी पडते.

खरी जोखीम नोंदींच्या स्थलांतरात आहे. नव्या यंत्रात तारखेची मांडणी पुष्कळदा अमेरिकी असते. अशा वेळी कामगंध सापळ्याची ५/८ ही नोंद सीएसव्ही फाइल उघडताना ५ ऑगस्टऐवजी ८ मे अशी वाचली जाते. २५/८ मात्र पंचविसावा महिना नसल्याने निव्वळ मजकूर म्हणून राहते. म्हणजे निम्म्या नोंदी चुकीच्या महिन्यात आणि उरलेल्या आलेखाबाहेर! गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग हा निकष आहे. तारखा विस्कटल्या की ‘सलग’ या शब्दाला अर्थ उरत नाही, आणि सल्ला एकतर उशिरा जातो किंवा विनाकारण जातो. म्हणून प्रथम दिवशीच प्रांत-मांडणी ‘इंग्रजी (भारत)’ करावी आणि नव्या नोंदींत वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवावा, जसे २०२५-०८-०५.

दुसरी बाब मराठी मजकुराची. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या पत्रिका तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात निरर्थक रोमन अक्षरे होऊन उघडतात. परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये आणता येतात, परंतु जोडाक्षरे, रफार आणि आकड्यांमधील टिंब यांत गफलत होऊ शकते. सोयाबीनवरील अळ्यांसाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी, ३ मि.ली. प्रति १० लिटर पाणी, हे प्रमाण प्रति लिटर ०.३ मि.ली. असे लिहिलेले असेल आणि टिंब गळले, तर शेतकऱ्याच्या हाती दहापट मात्रा पडते. शब्दांतील चूक वाचक सावरून घेतो. मात्रेतील चूक त्याला ओळखू येत नाही. त्यामुळे परिवर्तित सल्ल्यातील प्रत्येक मात्रा छापील प्रतीशी किंवा लेबलाशी दुसऱ्या व्यक्तीकडून ताडून घ्यावी. टंकनासाठी इनस्क्रिप्ट शिकावे, कारण तीच कळमांडणी विंडोजवर आणि लिनक्सवर सारखी मिळते.

जुनी डिस्क पुसण्याची घाई करू नये. एक संपूर्ण खरीप हंगाम नव्या यंत्रावर पार पडेपर्यंत ती इंटरनेटपासून दूर, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. त्या अवधीत प्रत्येक वर्षाची किमान एक फाइल नव्या यंत्रावर उघडून, तीतील पहिली आणि शेवटची ओळ मूळ वहीशी पडताळून पाहावी.